वादविवादाचा कार्डसंच: पिवळी कार्डं पक्की, हैदराबाद कच्चं

ऑगस्ट लागला की मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत वादविवादाचा हंगाम सुरू होतो. १५ ऑगस्ट, १७ सप्टेंबर, २६ नोव्हेंबर अशा तीन तारखा, आणि विषयाचे शब्द कितीही फिरवले तरी गाभा तोच: स्वतंत्र भारताची पायाभरणी आणि जगातली कामगिरी अभिमान बाळगण्याजोगी आहे की नाही. अनुकूल बाजू घेणाऱ्याला हा विषय सोपा वाटतो आणि तिथंच तो पडतो. प्रतिकूल वक्त्याला एक उदाहरण पुरतं, अनुकूल वक्त्याला सगळा डोलारा सांभाळावा लागतो.

याच विषयासाठी बनवलेला एक कार्डसंच यंदा छत्रपती संभाजीनगरला औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत आणि नांदेड, लातूरकडेही दिसतो आहे. छापील किंमत ४८० रुपये, मागितलं तर ४२० पर्यंत येते. खोक्यात ११२ कार्डं, एक ६४ पानी पुस्तिका आणि दोन मिनिटांचं प्लॅस्टिकचं वाळूचं घड्याळ. कार्डं चार रंगांची: ४० निळी, म्हणजे आपली बाजू, ४० तांबडी, म्हणजे समोरून येणारा हल्ला, २२ पिवळी, म्हणजे कबुली, आणि १० कोरी. आमचं मत आधीच सांगतो. संच घ्यावा, पण खोकं उघडल्या दिवशी एक संध्याकाळ त्याची डागडुजी करण्यात घालवायची तयारी असेल तरच.

पैसे वसूल होतात ते पिवळ्या कार्डांवर. बाजारातल्या बाकीच्या मार्गदर्शिका म्हणजे नुसती आरती असते. सात मिनिटं गौरव, मग घंटा, मग समोरचा उठून एकच आकडा फेकतो आणि आपल्या दोन मिनिटांच्या खंडनात आपण ‘पण... पण...’ करत बसतो. पिवळ्या कार्डाची रीत उलटी आहे. जी गोष्ट समोरचा नक्की काढणार, ती आपणच आधी आकड्यासकट मान्य करायची. मग त्याच्या खंडनातली हवा निघते, कारण परीक्षकांच्या वहीत तो मुद्दा आपल्या नावावर लिहिला गेलेला असतो. एक पिवळं, दोन निळी असा फेर पुस्तिकेत सुचवला आहे आणि तो बरोबर आहे. सगळी पिवळी सुरुवातीलाच वाचली तर ते भाषण माफीनाम्यासारखं ऐकू येतं.

किती कार्डं न्यायची, हे मात्र पुस्तिका धड सांगत नाही. सात मिनिटांत सावकाश, समजेल असं बोललं तर साधारण ८०० शब्द होतात. एक कार्ड उलगडायला ४०-४५ सेकंद जातात. म्हणजे नऊ कार्डं, फार तर दहा. पुस्तिकेतला ‘आदर्श क्रम’ पंधरा कार्डांचा आहे. तो जसाच्या तसा घेणाऱ्याची इशाऱ्याची घंटा बांडुंगलाच वाजते आणि बांगलादेश बोलायचा राहून जातो.

आता संविधानाची कार्डं. संचातला सर्वांत नेटका भाग हाच. निळं ४ असं आहे: ‘संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६. संविधान स्वीकृत २६ नोव्हेंबर १९४९. २ वर्षे ११ महिने १८ दिवस. पहिली सार्वत्रिक निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२. मतदार १७ कोटींवर, साक्षरता १८ टक्के.’ खाली बारीक अक्षरांत ‘जोड: तांबडं ६, पिवळं ३’. हे ‘जोड’ प्रकरण फार कामाचं आहे. दावा, त्यावरचा वार आणि कबुली अशी तिन्ही कार्डं एका हातात धरता येतात.

तांबडं ६ म्हणतं, संविधान सभा जनतेनं निवडलेली नव्हती. हे खरं आहे. प्रांतिक विधिमंडळांनी सदस्य निवडले, आणि ती विधिमंडळं १९४६ च्या निवडणुकीत मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींवर ठरलेल्या मूठभर मतदारांनी निवडलेली होती. नवखा वक्ता इथं ‘नाही, नाही, सगळ्या थरांतले लोक होते’ असं म्हणत सुटतो आणि फसतो. पिवळं ३ सरळ मान्य करतं, आणि वर स्वतःहून आणखी एक गोष्ट सांगतं: पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच सांगितलं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी धरायला नकार दिला. या कबुलीतच बचाव दडलेला आहे. ज्या राज्ययंत्रणेला बाईचं मत नवऱ्याच्या नावावर नको होतं, तिच्याबद्दल आपण बोलतो आहोत. हे वाक्य कार्डावर नाही, वक्त्यानं स्वतः जोडायचं.

त्यापुढचं निळं ५ तुलनेचं आहे. स्वित्झर्लंडमध्ये स्त्रियांना देशपातळीवर मताधिकार १९७१ मध्ये मिळाला, अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराला कायद्याचं खरं बळ १९६५ मध्ये आलं. उदाहरणं खरी आहेत, पण भाषणात एकदाच वापरावीत. दुसऱ्यांदा वापरली की ‘शेजारचा नापास झाला म्हणून मी पास’ असा सूर लागतो. तीच ४० सेकंदं पिवळं ५ ला द्यावीत. त्यात डॉ. आंबेडकरांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणाचा मथितार्थ आहे: राजकारणात समता येईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील, आणि हा विरोध आपण फार काळ चालू ठेवला तर लोकशाहीच धोक्यात येईल. स्थापनेतली उणीव खुद्द मसुदा समितीच्या अध्यक्षांनीच संविधान सभेत उभं राहून सांगितली, यापेक्षा भक्कम बचाव दुसरा नाही.

एक चूक मात्र इथंच आहे. निळं ३ वर ‘सभेचे सदस्य २८४’ असं छापलं आहे. फाळणीनंतर सदस्यसंख्या २९९ होती. २८४ हा आकडा २४ जानेवारी १९५० ला संविधानावर सह्या करणाऱ्यांचा. बारीक गोष्ट आहे, पण एखादा परीक्षक नागरिकशास्त्राचा निघाला तर तिथंच पेन थांबतं.

फाळणीवर चार कार्डं आहेत, बरी आहेत. ब्रिटिश पंतप्रधान ॲटलींनी २० फेब्रुवारी १९४७ ला सत्तांतराची मुदत जून १९४८ सांगितली, मग ती अचानक ऑगस्ट १९४७ वर आणली. सीमा आखणारे रॅडक्लिफ ८ जुलैला पोचले आणि सीमारेषा १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी जाहीर झाली. हा क्रम नीट मांडला आहे. मृतांचा आकडा मात्र ‘१० लाख’ असा ठोकून दिला आहे. अंदाज दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत जातात. त्यामुळे ‘अंदाज दोन ते वीस लाख’ असंच म्हणावं. एकच आकडा ठामपणे सांगितला की समोरचा दुसरा काढतो आणि वाद मेलेल्या माणसांच्या मोजणीवर येऊन ठेपतो. ते कुणालाच शोभत नाही.

खरी गडबड संस्थानांच्या कार्डांत आहे. पाचशेसाठहून अधिक संस्थानांचं विलीनीकरण ही अनुकूल बाजूची हुकमाची पानं. पण जुनागढ, काश्मीर आणि हैदराबाद ही तीन कार्डं तीन वेगवेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखी वाटतात. निळं १२ (काश्मीर) म्हणतं, २६ ऑक्टोबर १९४७ ला महाराजांनी सही केली, संस्थानिकाची सही म्हणजे कायदा, विषय संपला. निळं १३ (जुनागढ) म्हणतं, नवाबानं पाकिस्तानकडे विलीनीकरण जाहीर केलं खरं, पण जनतेच्या इच्छेपुढे नवाबाची सही काय कामाची. आता समोरचा वक्ता ही दोन्ही कार्डं शेजारी शेजारी धरणार आणि विचारणार, सही मोठी की जनता, ते आधी ठरवा. ‘दुटप्पीपणा’ हा शब्द मग सभागृहाच्या कानात बसतो आणि भाषण संपेपर्यंत निघत नाही.

दुरुस्ती करता येते. तिन्ही ठिकाणी एकच माप लावायचं: सहीबद्दल वाद असेल तिथं लोकांचा कौल. जुनागढला २० फेब्रुवारी १९४८ ला सार्वमत झालं. काश्मीरचं विलीनीकरण स्वीकारताना माउंटबॅटन यांच्या पत्रातच, शांतता प्रस्थापित झाल्यावर लोकांचा कौल घ्यावा, असं होतं. आणि १ जानेवारी १९४८ ला भारत आपणहून संयुक्त राष्ट्रांकडे गेला. कौल का झाला नाही, हा पुढचा प्रश्न येणारच. २१ एप्रिल १९४८ च्या सुरक्षा परिषदेच्या ४७ क्रमांकाच्या ठरावातला क्रम पाठ असायला हवा: आधी टोळीवाले आणि पाकिस्तानी नागरिक बाहेर, मग भारतीय फौज कमीत कमी पातळीवर, मग सार्वमत. पहिली पायरीच झाली नाही. आणि पुढच्या काळात दिल्लीनंही सार्वमताचा विषय गुंडाळून ठेवला, हे पिवळ्यावर लिहून टाकावं. निळं १२ मधली ‘विषय संपला’ ही ओळ काळ्या शाईनं खोडावी.

आता हैदराबाद. इथं आमचा रोष आहे, आणि तो मराठवाड्यात बसून लिहितो म्हणूनच नव्हे. ११२ कार्डांत हैदराबादला एक निळं कार्ड. एकच! त्यावर ‘ऑपरेशन पोलो, १३ ते १७ सप्टेंबर १९४८, सरदार पटेल, लोहपुरुष’ एवढंच. तांबडं नाही, पिवळं नाही. ज्या विषयावर इथल्या पोराला कुणी हरवू शकत नाही, तिथंच त्याला रिकाम्या हातानं पाठवलं आहे. वाटेल त्या स्पर्धेत प्रतिकूल वक्ता आता हैदराबाद काढतो, कारण कारवाईनंतरच्या कत्तलीची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीचं नाव मोबाइलवर सहज सापडतं. दहापैकी पाच कोरी कार्डं इथंच खर्ची घालावीत. आम्ही ती अशी लिहू.

पहिलं कार्ड ‘जैसे थे’ कराराचं. २९ नोव्हेंबर १९४७, निजाम आणि भारत सरकार, मुदत एक वर्ष. म्हणजे भारत पहिल्या दिवसापासून रणगाडे घेऊन उभा नव्हता.

दुसरं रझाकारांचं. कासिम रझवी लातूरला वकिली करणारा. त्याच्या संघटनेनं गावोगाव जाळपोळ आणि लूट केली. एकट्या हिंदूंवरच नव्हे. भारतात विलीन व्हा असं लिहिणारा पत्रकार शोएबउल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला. हे नाव घेतलं की ‘हिंदू विरुद्ध मुसलमान’ ही मांडणी तिथंच ढासळते.

तिसरं सर्वांत महत्त्वाचं: आतला लढा. समोरचा ‘आक्रमण’ म्हणतो तेव्हा उत्तर दिल्लीतून द्यायचं नसतं, मराठवाड्यातून द्यायचं असतं. १९३८ चा हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह, त्याच वर्षीची औरंगाबादच्या कॉलेजातल्या आणि उस्मानियातल्या विद्यार्थ्यांची वंदे मातरम् चळवळ, स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, सरहद्दीवरचे सशस्त्र लढ्याचे कॅम्प, लढ्यासाठी लुटलेली उमरीची बँक. लष्कर येण्याआधी दहा वर्षं इथले लोक तुरुंगात जात होते.

चौथं कारवाईचं. मुख्य तुकडी सोलापूरकडून निघाली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आलं. १७ सप्टेंबरला निजामानं युद्धबंदी जाहीर केली, १८ ला जनरल एद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधुरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. ‘पोलीस होते तर रणगाडे कशाला?’ हा टाळीचा प्रश्न इथं येतो. त्याचं उत्तर सरळ आहे: ‘पोलीस ॲक्शन’ हे नाव कायद्याच्या गरजेतून आलं. युद्ध म्हटलं की हैदराबाद वेगळं राष्ट्र आहे हे मान्य केल्यासारखं झालं असतं, आणि निजामाची तक्रार तेव्हा सुरक्षा परिषदेपुढे होतीच. काम लष्कराचंच होतं, हे मान्य करावं.

पाचवं पिवळं. कारवाईच्या वेळी आणि नंतर मुसलमानांची मोठी कत्तल झाली. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या पथकानं अगदी हात राखून केलेला अंदाज २७ ते ४० हजार मृतांचा आहे. सर्वाधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड धरले. अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला. हे वाचताना आवाज खाली आणावा आणि ‘पण’ हा शब्द लगेच लावू नये. दोन सेकंद थांबावं. मग एवढंच म्हणावं की चौकशीचं पथक सरकारनंच पाठवलं, आणि अहवाल सरकारनंच झाकला. दोन्ही गोष्टी एकाच राज्याच्या आहेत. ज्यांनी तो अहवाल पुढे बाहेर काढला, वाचला, त्यावर लिहिलं, तेही याच देशाचे नागरिक.

खंडनाची दोन मिनिटं अशी बसतात: पहिली २० सेकंदं कबुली, त्यानंतर ४० सेकंदं तारखांचा क्रम, नंतर ४० सेकंदं आतला लढा, उरलेली २० समोरच्याला प्रश्न. प्रश्न कुठला, तर ‘स्वामी रामानंद तीर्थांनी काय करायला हवं होतं?’ ‘निजामाचं काय चुकलं?’ हा प्रश्न विचारू नये. त्यावर समोरचा सुखानं पाच मिनिटं बोलू शकतो. आणखी एक बारकावा हाताशी असू द्या: तेलंगणात सशस्त्र लढा देणाऱ्या कम्युनिस्टांनी तो १९५१ मध्ये मागे घेतला, आणि त्यांचे रवी नारायण रेड्डी १९५२ मध्ये नलगोंड्यातून घसघशीत मतांनी लोकसभेत गेले. राज्याविरुद्ध बंदूक उचललेला माणूस तीन महिन्यांत मतपेटीतून त्याच राज्याच्या संसदेत. स्थापनेच्या बाजूनं हे उदाहरण संचात कुठंच नाही, याचं नवल वाटतं.

जागतिक कामगिरीची कार्डं संख्येनं जास्त, पण दर्जा सारखा नाही. दोन कार्डं तर फाडूनच टाकावीत. एकावर लिहिलंय, ‘भारताने दहा हजार वर्षांत कुणावरही आक्रमण केले नाही.’ व्हॉट्सॲपवरून उचललेलं आहे हे स्पष्ट दिसतं. राजेंद्र चोळानं १०२५ च्या सुमारास सुमात्रातल्या श्रीविजय राज्यावर आरमार नेलं, एवढं एक वाक्य ऐकलं की हे कार्ड संपलं. आणि समोरचा त्यानंतर तुमच्या बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही विश्वास ठेवणार नाही. दुसरं, ‘अलिप्ततावादी चळवळीची स्थापना, बांडुंग, १९५५’. बांडुंगची परिषद एप्रिल १९५५ ची, आशिया-आफ्रिकेची. चळवळ उभी राहिली सप्टेंबर १९६१ मध्ये बेलग्रेडला. (युनेस्कोनं आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं, ही लोणकढी थाप संचात नाही. एवढ्यासाठी संपादकांचे आभार.)

दक्षिण आफ्रिकेचं कार्ड उत्तम आहे: तिथल्या भारतीयांना मिळणाऱ्या वर्णभेदी वागणुकीचा प्रश्न भारतानं १९४६ मध्येच संयुक्त राष्ट्रांत नेला आणि त्याच वर्षी व्यापार तोडला, म्हणजे स्वतः स्वतंत्र होण्याआधीच. शांतिसेनेचं कार्डही चांगलं; दोन लाखांहून जास्त भारतीय सैनिक आजवर गेले, कोरियात युद्धकैद्यांच्या आयोगाचं अध्यक्षपद जनरल थिमय्यांकडे होतं, काँगोत कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया ५ डिसेंबर १९६१ ला धारातीर्थी पडले. एवढं एका कार्डात पुरे.

बांगलादेशवर मात्र संपादकांनी मेहनत घेतली आहे. तारखांची माळ बिनचूक: २५ मार्च १९७१ ची ढाक्यातली लष्करी कारवाई, सुमारे एक कोटी निर्वासित, ३ डिसेंबरला पाकिस्तानचे आपल्या विमानतळांवर हल्ले, १६ डिसेंबरला शरणागती, ९३ हजार युद्धकैदी, मार्च १९७२ मध्ये आपलं सैन्य परत, २ जुलैला सिमला करार. त्यात ‘सैन्य परत’ या दोन शब्दांना अधोरेखित केलंय, ते अगदी योग्य. जिंकलेल्या देशातून तीन महिन्यांत फौज काढून घेणं हा सगळ्या माळेतला सर्वांत जड मणी आहे. आणि पिवळं १६ तर दाद द्यावी असं: ‘७ डिसेंबर १९७१. आमसभेत युद्धबंदीच्या ठरावाला १०४ मते, विरोधात ११. आपण ११ मध्ये.’ बहुतेक वक्ते हे लपवतात. आधीच सांगून टाकावं आणि विचारावं, त्या १०४ देशांपैकी कितींनी त्या एक कोटी लोकांना छप्पर दिलं? बांगलादेशी लढवय्यांच्या मुक्तिवाहिनीला युद्धाच्या कितीतरी आधीपासून भारत प्रशिक्षण देत होता, हे मात्र कार्डावर नाही, पेनानं घालावं. ‘निव्वळ माणुसकी’ हा दावा कुणालाच पटत नाही. हित आणि माणुसकी एका दिशेनं गेली, एवढं म्हटलं तर टिकतं.

श्रीलंकेचं पिवळं कार्ड अर्धवट आहे. २९ जुलै १९८७ चा करार, मार्च १९९० ला माघार, सुमारे १,२०० जवानांचं बलिदान हे सगळं आहे. जाफन्यातल्या तमिळ नागरिकांचे मृत्यू नाहीत. ऑक्टोबर १९८७ मधलं जाफना रुग्णालयाचं प्रकरण, जिथं भारतीय फौजेच्या कारवाईत रुग्ण आणि कर्मचारी मेले, प्रतिकूल वक्ता काढतोच. फक्त आपलेच मेलेले मोजले की कबुलीची किंमत शून्य. १९५६ चंही तसंच. सुएझवरच्या ब्रिटन-फ्रान्सच्या हल्ल्यावर भारत तडक बोलला आणि हंगेरीतल्या सोव्हिएत कारवाईवर अडखळला; संचात सुएझ आहे, हंगेरी नाही. गोव्याचं ठीक. अणुचाचण्यांची कार्डं नुसती तारखांची, वाचून सोडून द्यावीत.

सुरक्षा परिषदेची जागा ‘नेहरूंनी चीनला देऊन टाकली’ हा वार आता प्रत्येक स्पर्धेत येतो, आणि तांबडं ३१ वर तो आहे. उत्तराचं निळं कार्ड २७ सप्टेंबर १९५५ च्या लोकसभेतल्या उत्तरावर उभं आहे: औपचारिक वा अनौपचारिक असा कुठलाही प्रस्ताव आला नाही, असं नेहरूंनी सांगितलं होतं. एवढ्यावर थांबू नये. १९५० मध्ये अमेरिकेकडून आणि १९५५ मध्ये सोव्हिएत बाजूनं चाचपणी झाल्याचं पत्रव्यवहारात दिसतं, ते समोरच्याला ठाऊक असू शकतं. खरा मुद्दा सनदेचा: ती बदलल्याशिवाय नवी कायम जागा तयारच होत नव्हती, आणि सनद बदलायला पाचही कायम सदस्यांची संमती लागते. हा मुद्दा पुस्तिकेच्या पान ४१ वर तळटिपेत पुरून ठेवला आहे. उचलून कार्डावर आणावा.

पुस्तिकेची भाषा जड आहे. ‘तत्कालीन भूराजकीय परिप्रेक्ष्यात’ असलं वाक्य परभणीच्या सभागृहात म्हटलं तर मागच्या रांगा चुळबुळायला लागतात. कार्डांवरची भाषा त्या मानानं सुटसुटीत, म्हणून कार्डं पाठ करावीत आणि पुस्तिका नुसती संदर्भाला ठेवावी. अनुक्रमणिका नाही, ही मोठी गैरसोय.

वस्तू म्हणून पाहिलं तर कार्डांचा आकार, १० बाय १५ सेंटिमीटर, हातात चांगला बसतो. लॅमिनेशन मात्र चकचकीत. व्यासपीठावर वरून ट्यूबलाइट असेल तर कार्ड तिरपं धरल्याशिवाय अक्षर दिसत नाही, आणि तिरपं धरलं की वक्ता कार्ड वाचतोय हे पहिल्या रांगेला कळतं. कोऱ्या कार्डांनाही तेच लॅमिनेशन केलंय, हा कुणाचा शहाणपणा कोण जाणे. त्यावर शाईचं पेन चालत नाही, बॉलपेन घसरतं, मार्करनं लिहिलं तर घामाच्या बोटानं पुसतं. सीडीवर लिहायचा पक्क्या शाईचा बारीक टोकाचा मार्कर तेवढा टिकतो. त्यापेक्षा कुठल्याही छापखान्यातून ३०० जीएसएमचा बिनचकाकीचा जाड कागद त्याच मापात कापून घ्यावा. निम्म्या तासाचं काम आहे. वाळूचं घड्याळ तपासून घ्या. आम्ही पाहिलेल्या तीन संचांतली तीन घड्याळं १ मिनिट ४० सेकंदांपासून २ मिनिटं १५ सेकंदांपर्यंत चालली. मुलांना खेळायला द्यावं, सराव मोबाइलच्या टायमरवर करावा.

दोन कार्डं फाडली आणि पाच नवी घातली की ‘जोड’चे आकडे जुळेनासे होतात. नव्या कार्डांना १४-अ, १४-आ असे क्रमांक द्यावेत आणि पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं नवी जोडयादी करून ठेवावी.